दोन आंधळे श्रोते

मेरी शेलीच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये एक आंधळा म्हातारा आहे, आणि आमच्या नगर जिल्ह्यात, नेवाशाला, प्रवरेच्या काठी सांगितल्या गेलेल्या ज्ञानेश्वरीत दुसरा. पहिल्याचे नाव द लेसी. देशोधडीला लागलेला हा फ्रेंच गृहस्थ जर्मनीतल्या एका रानाकडेच्या घरात गिटार वाजवत बसतो. दुसरा धृतराष्ट्र. दोघेही जागचे हलत नाहीत. जगात काय चालले आहे ते दोघांनाही दुसऱ्याच्या तोंडूनच कळायचे. दोघांच्याही पुढ्यात येऊन एक जण जीव ओतून बोलतो. एक ऐकतो, एक ऐकत नाही. कथेच्या पोटात कथा आणि तिच्या पोटात आणखी कथा, अशी रचना माणसे कशासाठी करतात, याचे मला पटलेले उत्तर या दोन म्हाताऱ्यांपाशी आहे. म्हणून त्यांना एकाच सतरंजीवर शेजारी बसवून वाचायचे ठरवले.

‘फ्रँकेन्स्टाइन’ आपल्याकडे बहुतेकांना सिनेमामुळे माहीत आहे. 1931 सालच्या त्या गाजलेल्या चित्रपटात बोरिस कार्लॉफने उभा केलेला राक्षस नुसता गुरगुरतो. मूळ कादंबरीतला प्राणी मात्र अतिशय सुंदर बोलतो. पुस्तकात त्याच्याइतके नेटके, आर्त आणि मुद्देसूद बोलणारे दुसरे पात्रच नाही. सिनेमाने कथेच्या पोटातली कथा काढून टाकली आणि त्याबरोबर त्याची वाचाही गेली. हे मला योगायोगाचे वाटत नाही. त्याचे बोलणे ज्या खोलीत ठेवले होते, ती खोलीच पाडल्यावर बोलणे राहणार कुठे?

खोल्यांची मांडणी अशी आहे. सगळ्यांत बाहेर वॉल्टन नावाचा तरुण दर्यावर्दी. उत्तर ध्रुवाकडे निघालेल्या जहाजावरून तो इंग्लंडमधल्या बहिणीला, मार्गारेट सॅव्हिलला, पत्रे लिहितो. बर्फात अडकलेल्या त्याच्या जहाजाला एक अर्धमेला माणूस येऊन मिळतो, तो व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन. तो आपली कर्मकथा वॉल्टनला सांगतो. त्या कथेच्या मध्यभागी, आल्प्समधल्या हिमनदीवर, व्हिक्टरने घडवलेला प्राणी त्याला गाठतो आणि आपली कथा सांगतो. त्या कथेच्याही आत द लेसी कुटुंबाची कथा आहे: म्हातारा, त्याचा मुलगा फेलिक्स, मुलगी अगाथा आणि दूरदेशाहून आलेली साफी. साफीची पत्रे हा गाभा. त्यावर प्राण्याचे निवेदन, त्यावर व्हिक्टरचे, त्यावर वॉल्टनचे, आणि सर्वांवर मार्गारेटचा पत्ता.

समीक्षेत या रचनेचे एक ठरलेले स्पष्टीकरण असते. गोष्ट अचाट असली की लेखक ती आपल्या तोंडून न सांगता साक्षीदार उभे करतो, पत्रे दाखवतो, म्हणजे वाचकाला पटते. ते खोटे नाही. प्राणी साफीच्या पत्रांच्या नकला व्हिक्टरला देतो आणि वॉल्टनही बहिणीला कळवतो की, ती पत्रे डोळ्यांनी पाहिल्यावर माझी खात्री पटली. पण एवढ्यासाठी चार मजली इमारत बांधायची गरज नव्हती. प्रत्येक मजल्यावर एक सांगणारा आहे हे सगळे बघतात. प्रत्येक मजल्यावर एक ऐकणाराही आहे आणि गोष्टीचे पुढे काय होणार ते त्याच्या हातात आहे, इकडे लक्ष जात नाही. माझे लक्ष तिकडे गेले ते ज्ञानेश्वरीच्या सवयीमुळे.

आधी हिमनदीवरचा प्रसंग जवळून पाहू. व्हिक्टर त्या प्राण्याला पाहून शिव्याशाप देतो, नजरेसमोरून चालता हो म्हणतो. त्यावर प्राणी काय करतो? पुढे होऊन आपले हात व्हिक्टरच्या डोळ्यांवर ठेवतो. तुला जे पाहवत नाही ते मी असे झाकतो, पण ऐकू तर तुला तरीही येईल, असे म्हणतो. व्हिक्टर ते हात झिडकारतो. सारी हालचाल दोन-तीन ओळींत उरकते आणि घाईने वाचणाऱ्याच्या नजरेतून ती निसटून जाते. पण पुस्तकाचा सगळा जीव तिथे आहे. या प्राण्याला आयुष्यात एकदाच, काही क्षण, माणसासारखे वागवले गेले होते, आणि वागवणारा आंधळा होता. म्हणून आपल्या निर्मात्यालाही तो क्षणभर आंधळा करू पाहतो. डोळे मिटले तरच कान उघडतील, हा त्याला मिळालेला एकमेव धडा.

तो धडा त्याला कसा मिळाला ते पुढे उलगडत जाते. द लेसींच्या घराला टेकून एक खुराड्यासारखी पडवी आहे. त्यात तो लपून राहतो. मधल्या भिंतीत एक खिडकी होती, ती फळ्यांनी बुजवलेली, आणि फळ्यांत एक बारीक फट. एक डोळा मावेल एवढी. त्या फटीतून तो माणसांचे घर पाहतो: कोण कोणाला आधी वाढते, म्हाताऱ्यासमोर ताट ठेवताना मुले स्वतः उपाशी कशी राहतात. रात्री उठून तो त्यांच्यासाठी सरपण आणून टाकतो, वाटेवरचे बर्फ काढतो. पुढे साफी येते. तिला भाषा येत नाही, म्हणून फेलिक्स तिला शिकवायला बसतो आणि भिंतीपलीकडे हाही शिकतो. फेलिक्स तिला व्होल्नीचे साम्राज्यांच्या अवशेषांवरचे पुस्तक वाचून दाखवतो. त्यातून याला जगाचा इतिहास कळतो आणि अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या वाट्याला काय आले ते ऐकून साफीबरोबर हाही रडतो. पंगत दुसऱ्यासाठी मांडलेली, पाने दुसऱ्याची, आणि भिंतीआड बसलेल्या या बिनबोलावल्या विद्यार्थ्याचेच पोट सर्वांत जास्त भरते.

इथे मला ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायाचा आरंभ आठवतो. ज्ञानदेवांचा संजय तिथे धृतराष्ट्राला म्हणतो की, आपले भाग्य कसे थोर पाहा. नारायणाने ब्रह्मरसाचे जेवण केले ते अर्जुनासाठी, आणि नेमक्या त्याच वेळी आपण पाहुणे म्हणून येऊन ठेपलो. तहानलेल्याने पाणी म्हणून ओंजळ तोंडाला लावावी आणि चव घेऊन पाहावे तर ते अमृत निघावे, तसे हे झाले. गीतेच्या मूळ श्लोकांत यातले काही नाही. सहाव्या अध्यायाचा पहिला श्लोक सरळ श्रीकृष्णाच्या बोलण्याने सुरू होतो. ज्ञानदेवांनी मात्र त्याच्या आधी थांबून, आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत येऊन, संजयाच्या चेहऱ्याकडे पाहिले. त्याला स्वतःचा आनंद दिला आणि पाहुण्याचा मान दिला. आणि बारकावा असा की, संजय हे भाग्य एकट्याचे म्हणत नाही. तुमचे आणि आमचे असे म्हणतो. राजालाही तो आपल्या पानाशेजारी बसवून घेतो.

राजाचे उत्तर तुटक आहे. हे तुला कोणी विचारले?

त्यावर संजयाच्या मनात जे उमटते ते ज्ञानदेवांनी थोडक्या ओव्यांत असे टिपले आहे की एखाद्या कादंबरीकाराने वही उघडून बसावे. संजयाला कळते की राजाचे मन पोरांच्या काळजीने व्यापले आहे. तो मनातल्या मनात हसतो, म्हातारा मोहाने बुडाला म्हणतो. एरवी बोलणे किती छान जमून आले होते, अशी त्याला हळहळही वाटते. मग स्वतःची समजूत घालतो की, जन्मांधाला उजाडणार तरी कसे? हे तोंडावर म्हणावे तर राजा रुसेल अशी भीतीही त्याला आहे. आणि शेवटी, राजा ऐको न ऐको, तो संवाद आपल्याला ऐकायला मिळाला याचे समाधान मनाशी धरून तो पुढे सांगू लागतो. हसू, हळहळ, समजूत, भीती, समाधान. एका नोकराच्या मनातली ही सगळी ये-जा मालकासमोर उभ्या उभ्या, चेहऱ्यावरची रेषाही न हलता होऊन जाते. गीतेतला संजय म्हणजे आवाज पोचवणारी नळी होती. नेवाशात त्याला शरीर आणि मन मिळाले.

ज्ञानेश्वरीची बाहेरची चौकट आपल्याला इतकी परिचयाची आहे की आपण ती मोजत नाही. ती अशी: आत कृष्ण अर्जुनाला सांगतो. ते संजय धृतराष्ट्राला सांगतो. महाभारताच्या हिशेबाने ते वैशंपायन जनमेजयाला सांगतो आणि ते सौती नैमिषारण्यात शौनकादी ऋषींना सांगतो. त्यातच चौथ्या अध्यायात कृष्ण म्हणतो की, हा योग मी पूर्वी सूर्याला सांगितला, सूर्याने मनूला, मनूने इक्ष्वाकूला. म्हणजे आत गेल्यावरही तळ लागत नाही. या सगळ्यांच्या बाहेर शके 1212 मध्ये, म्हणजे इसवी सन 1290 मध्ये, रामचंद्रदेव यादवाच्या राज्यात ज्ञानदेव बसले आहेत. समोर निवृत्तिनाथ आणि संतमंडळी आहेत आणि सच्चिदानंदबाबा लिहून घेत आहेत. ज्या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी ग्रंथ सांगितला असे मानतात, तो पैसाचा खांब नेवाशाला आहे. दुर्गाबाई भागवतांच्या ‘पैस’ या पुस्तकामुळे तो नगर जिल्ह्याबाहेरच्या वाचकांनाही आपला वाटतो. परंपरेने धरलेला जन्मशक घेतला तर ज्ञानदेव तेव्हा पंधरा वर्षांचे होते. मेरी शेलीने 1816 च्या त्या पावसाळी उन्हाळ्यात, जिनिव्हा सरोवराकाठी, आपली गोष्ट लिहायला घेतली तेव्हा ती अठरा वर्षांची होती. एवढ्या कोवळ्या वयात ऐकणाऱ्याची एवढी जाण दोघांनाही कुठून आली, याचे नवल वाटते.

ज्ञानदेवांची ती जाण सर्वांत उघड दिसते नवव्या अध्यायात. आरंभीच ते श्रोत्यांपाशी अवधान मागतात. मागताना जरा मोठे वचन देऊन बसतात की, एकचित्ताने ऐका म्हणजे सगळ्या सुखाचे धनी व्हाल. लगेच सावरून म्हणतात, हा माझा गर्व नाही, तुमच्यासारखे श्रीमंत माहेर असल्यावर लेकराने लाड का करून घेऊ नयेत? मग चंद्रकांत मण्याचा दाखला येतो. पाझरतो तो मणी, पण पाझरवण्याची किमया असते चंद्राकडे. तसा ऐकणाऱ्यावाचून बोलणारा हा बोलणाराच नव्हे. हे वाचताना मला ते प्रत्येक वेळी नव्याने थोर वाटते. इथे बोलणारा स्वतःला दगडाच्या जागी आणि श्रोत्याला चंद्राच्या जागी ठेवतो.

आता त्याच अध्यायाचा शेवट पाहा. राजविद्या सांगून झाली. कृष्णाने अर्जुनाला जवळ घेतल्यासारखे बोलून ती आटोपती घेतली. आपण आतून बाहेर येतो आणि बाहेर धृतराष्ट्र बसलेला. नदीला पूर आला तरी पाण्यात बसलेला रेडा उठत नाही, तसा तो. संजय मान हलवतो. अमृताचा पाऊस पडून गेला आणि हा इथे असूनही जणू शेजारच्या गावाला गेलेला! मग लगेच जीभ चावतो. हा आपला अन्नदाता, याच्याबद्दल असे बोलून वाणी कशाला विटाळायची, स्वभावच तसा त्याला काय करणार. आणि इथून पुढे संजय स्वतःच उचंबळून येतो. वाचा अडखळते, अंगावर काटा येतो, अर्धवट मिटल्या डोळ्यांतून पाणी येते. राजाने जे घ्यायचे होते ते सगळे निरोप्याच्याच अंगावर येऊन पडते.

पुरात बसलेला रेडा ज्याने प्रवरेला, गोदावरीला पाहिला आहे त्याला या उपमेची नेमकी ताकद कळते. पाणी त्याला सगळीकडून भिडलेले असते. तो कोरडा नसतो, दूरही नसतो. फक्त त्याला पाण्याशी काही देणेघेणे नसते. धृतराष्ट्राच्या कानापर्यंत अठरा अध्यायांतला शब्द न् शब्द पोचला आहे, ही त्याची शोकांतिका आहे. अध्यायाच्या आरंभी श्रोता म्हणजे चंद्र, शेवटी श्रोता म्हणजे पुरातला रेडा. मध्ये साऱ्या गीतेचे गुह्य. या दोन टोकांच्या मधली जागा वाचकाची आहे आणि कुठे बसायचे ते त्याने ठरवायचे आहे. ज्ञानदेव ते बोलून दाखवत नाहीत. चौकट बोलते.

महाभारतात याला आणखी एक काळी कड आहे. संजय गीता सांगायला बसतो तो युद्ध सुरू होताना नव्हे. भीष्म पडल्याची बातमी घेऊन तो रणातून परत आलेला असतो आणि मग मागचे सांगू लागतो. म्हणजे माझ्या पोरांनी काय केले, असे विचारणाऱ्या राजाला दहा दिवसांचा निकाल ठाऊक आहे. तरीही त्याला पोरांची आशा सुटत नाही. युद्धाआधी व्यासांनी त्याला दृष्टी देऊ केली होती. आप्तांचा वध पाहवणार नाही म्हणून त्याने ती नाकारली आणि मग ती संजयाला मिळाली. इकडे हिमनदीवर व्हिक्टर डोळ्यांवरचे हात झिडकारतो, तिकडे हस्तिनापुरात धृतराष्ट्र डोळे नाकारतो. दोन्ही नकारांची किंमत जवळच्या माणसांनी मोजली: एकाचे शंभर मुलगे गेले, दुसऱ्याचा मित्र आणि नवी नवरी.

आणि द लेसी? प्राणी कित्येक महिने धीर गोळा करतो. घरातले तरुण बाहेर गेल्याचे पाहून म्हाताऱ्याचे दार ठोठावतो. म्हातारा त्याला आत बोलावतो, बसवतो. भाषेवरून तो आपलाच देशबांधव असावा असे समजतो आणि त्याच्या बोलण्यात काहीतरी खरे आहे असे म्हणतो. प्राण्याला उभ्या आयुष्यात मिळालेला एवढा एकच शेजार. तेवढ्यात मुले परततात. अगाथा बेशुद्ध पडते, साफी पळून जाते, फेलिक्स त्याला म्हाताऱ्याच्या पायांपासून ओढून काठीने मारतो. कादंबरीतले सगळे खून या क्षणानंतरचे नव्हेत काय, हे पुस्तक हाती घेऊन तपासून पाहावे. तोवर त्याने कोणाचेही वाकडे केलेले नाही. नुसते सरपण आणले आहे. 1935 च्या दुसऱ्या चित्रपटात व्हायोलिन वाजवणारा एक आंधळा साधू आणि हा राक्षस यांचा छोटासा स्नेह दाखवला आहे. पाहणाऱ्यांना त्या चित्रपटातले ते दृश्य विशेष लक्षात राहते. ऐकणाऱ्या म्हाताऱ्याची ताकद पडद्यावरही पुसली गेली नाही.

न ऐकणाऱ्या राजाची आमच्या मुलखातली आणखी एक गोष्ट आहे. शेवगाव तालुक्यातून गोदावरीपलीकडे पाहिले की पैठण. तिथल्या सातवाहन राजापुढे गुणाढ्याने सात लक्ष श्लोकांची बृहत्कथा ठेवली, असे कथासरित्सागरात आले आहे. भाषा पैशाची, आणि शाई नव्हती म्हणून रक्ताने लिहिलेली. राजाने नाक मुरडले. गुणाढ्य डोंगरावर गेला, आग पेटवली आणि एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवून अग्नीत टाकू लागला. चरणे सोडून, डोळ्यांत पाणी आणून प्राणी ऐकत उभे राहिले. इकडे राजवाड्यात निकस मांस येऊ लागले, राजा आजारी पडला, शोध घेता घेता तो गुणाढ्यापर्यंत पोचला. तोवर उरले होते एक लक्ष. जगातल्या सर्वांत मोठ्या कथापेटीचा आरंभच असा आहे: ऐकणारा नालायक निघाला म्हणून सहा सप्तमांश कथा जळाली. ज्या कथेच्या पोटात पुढे वेताळाच्या पंचवीस कथा वाढल्या, तिच्या दारावर हा इशारा लिहून ठेवला आहे.

बाहेरच्या खोलीत येऊ. वॉल्टन हा व्हिक्टरचा श्रोता. तो भक्तिभावाने ऐकतो आणि रोज रात्री लिहून ठेवतो. व्हिक्टरला ते कळते, तेव्हा तो टिपणे मागून घेतो आणि स्वतः दुरुस्त करतो. पुस्तकात सांगितले आहे की, मुख्यतः त्याने आपल्या शत्रूबरोबरच्या संभाषणांत प्राण भरला. हे वाक्य दोनदा वाचावे. त्या प्राण्याचे जे वक्तृत्व आपल्याला हेलावून टाकते, त्यावर अखेरचा हात त्याचा द्वेष करणाऱ्याने फिरवला आहे. म्हणजे व्हिक्टरने ऐकले होते. शब्दाचा वळसा न् वळसा त्याच्या कानात राहिला होता. आणि तरीही त्याने प्राण्यासाठी घडवायला घेतलेली सोबतीण अर्ध्यावर फाडून टाकली. धृतराष्ट्राहून हे वाईट. तो रेडा तरी होता.

ज्ञानेश्वरीलाही अशी दुरुस्ती झाली आहे, पण तिची जात निराळी. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, एकनाथांनी पाठभेदांनी गढूळ झालेला ग्रंथ शुद्ध केला आणि शेवटी बजावले की, यात जो आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात करवंटी ठेवली असे समजावे. एका श्रोत्याने तीनशे वर्षांनंतर ऐकले आणि स्वतःला त्यातून बाहेर ठेवले. आज गावोगावच्या सप्ताहात व्यासपीठासमोर पारायणाला बसतात त्यांच्या हातात एकनाथांच्या या कानातून आलेली ज्ञानेश्वरी असते.

मार्गारेट सॅव्हिलचे काय झाले, ते कादंबरीत नाही. तिचे एकही उत्तर आपण वाचत नाही. वॉल्टनची पत्रे तिच्यापर्यंत पोचली की नाही हेही कळत नाही. तिच्या नावाची आद्याक्षरे मात्र मेरी वुलस्टनक्राफ्ट शेलीच्या आद्याक्षरांशी जुळतात, हे अभ्यासकांनी दाखवले आहे. लेखिकेने स्वतःला सगळ्यांत बाहेर, ऐकणारीच्या जागी ठेवले आणि तिला गप्प ठेवले. ही जागा मला पुस्तकातली सर्वांत भयाण वाटते, मुडद्यांच्या कोठीपेक्षाही. सगळे सांगून झाल्यावर पलीकडून हूं की चूं नाही.

नेवाशाच्या सभेत याच्या उलट घडते. तिथले श्रोते बोलतात. तेराव्या अध्यायात ज्ञानाची आणि अज्ञानाची लक्षणे सांगता सांगता विषय फार वाढला म्हणून ज्ञानदेव ओशाळून क्षमा मागू लागतात, तर श्रोते त्यांना अडवतात: परिहार कशाला, भितोस कशाला? घरातल्या मोठ्यांनी पोराला धीर द्यावा तसा तो सूर आहे. धृतराष्ट्राने ज्या जागी संजयाला तोडले, त्याच जागी हे ज्ञानदेवांना सांभाळून घेतात. बाहेरच्या चौकटीने आतल्या चौकटीची चूक भरून काढली. कथेच्या पोटात कथा घालण्याचा याहून मोठा उपयोग मी कुठे पाहिलेला नाही: आत एक श्रोता नापास होतो, आणि तेच बोलणे त्याच्या डोक्यावरून पुढे जाऊन दुसऱ्या श्रोत्याला सापडते.

अठराव्या अध्यायात हे सारे एकत्र येते. सगळे धर्म सोडून मला शरण ये, असे सांगून झाल्यावर कृष्ण आपला उजवा, सावळा, कंकण घातलेला हात पसरतो आणि अर्जुनाला मिठी मारतो. गीतेत ही मिठी नाही. शब्द जिथे संपतात तिथे ज्ञानदेवांनी ती ठेवली आणि त्यातही कंकण विसरले नाहीत. पुढे संजय त्या दोघांचे वर्णन करताना म्हणतो की, दोन आरसे घासून लख्ख करून समोरासमोर धरले तर कोण कोणात पाहतो हे कसे ठरवावे? सांगणारा आणि ऐकणारा यांची ही अखेरची अवस्था. संजय विरघळतो. आणि धृतराष्ट्र? तो त्रासून विचारतो की, व्यासांनी तुला इथे कशासाठी बसवले आणि तू हे काय लावले आहेस? जिंकणार कोण ते सांग. त्याचा स्वतःचा हिशेब तयार असतो: दुर्योधनाचे सैन्य दीडपट आहे, तेव्हा जय त्याचाच. अकरा अक्षौहिणी विरुद्ध सात. गणित बरोबर आहे, हे किती करुण आहे! संजय वाद घालत नाही. सैन्याचे मला ठाऊक नाही म्हणतो. पण आयुष्य असेल तिथे जगणे असते, चंद्र असेल तिथे चांदणे असते, संत असतील तिथे विवेक असतो. तसा कृष्ण असेल तिथे जय.

मेरी शेलीच्या पुस्तकात शेवटी प्राणी व्हिक्टरच्या शवापाशी उभा राहून वॉल्टनशी बोलतो. आतल्या खोलीतला माणूस पहिल्यांदाच बाहेरच्या खोलीत आला आहे. वॉल्टनला कणव येते आणि रागही येतो. त्याला काय म्हणावे ते सुचत नाही. ज्ञानेश्वरीत शेवटी ज्ञानदेव विश्वात्मक देवाकडे पसायदान मागतात आणि होईल असे उत्तर येते. त्या उत्तराने ज्ञानदेव सुखावले, एवढे सांगून ग्रंथ कुठे आणि कोणत्या शकात झाला ते येते. पसायदान आपण शाळेपासून पाठ म्हणतो, त्याला मिळालेले उत्तरही त्याच्या शेवटच्या ओवीत म्हणतो, पण ते उत्तर आहे इकडे सहसा लक्ष जात नाही. ते जायला हवे. उत्तर मिळणे हाच त्या ग्रंथाचा शेवट आहे.

ज्यांना हे ताडून पाहायचे असेल त्यांनी नवव्या अध्यायाचा आरंभ आणि शेवट एका बैठकीत वाचावा, मधले दुसऱ्या दिवशी. सार्थ प्रत चालेल. मग ‘फ्रँकेन्स्टाइन’चा मधला भाग काढावा, हिमनदीपासून काठीच्या मारापर्यंत, आणि तो मोठ्याने वाचावा. समोर कोणीतरी बसलेले असले तर फारच उत्तम.